श्रीदेवीची अकराची वेळ

सोलापूर, १४ जुलै २०२४

रुद्राणी,

नावाच्या आधी काय लिहावं यातच अर्धा तास गेला. ‘चिरंजीव’ लिहावं एवढी मी तुझी कुणी नाही, आणि ‘आदरणीय’ लिहिलं तर तुला ती चेष्टा वाटेल. म्हणून नुसतं नाव.

मी विजयमाला साळुंखे, चौथी अ. तुझ्या चौथी ब च्या आणि माझ्या वर्गाच्या मध्ये एक पत्र्याचं पार्टिशन होतं आणि तुझ्याकडचा आवाज वाढला की मी त्यावर पट्टी आपटायची, ती. तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. पत्ता शाळेच्या रजिस्टरातून घेतला. तू अक्कलकोटला वडिलांच्या नारळ-प्रसादाच्या दुकानात बसतेस, असं आपल्या ईरप्पा शिपायाकडून कळलं. बरं आहे. घरचं काम, घरची माणसं.

कामाचं लिहिते. यंदा माझ्या वर्गात अजिंक्य नावाचा मुलगा आलाय. नऊ वर्षांचा. बाकावर बसला तर गुडघ्यांवर, उभा राहिला तर एका पायावर. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, आणि ते बरोबर असतं, हा आणखी एक ताप. पण लिहायला सांगितलं की तीन ओळींनंतर पेन्सिल खिडकीबाहेर. महिन्याभरात दोन कंपासपेट्या, एक डबा आणि उजव्या पायातला एक बूट हरवलाय. त्याच्या आईनं डॉक्टरांचा कागद आणून दाखवला. त्यावर तीच चार अक्षरं होती, एडीएचडी, जी तुझ्या वर्गातल्या श्रीदेवीच्या कागदावर होती.

आई म्हणाली, “बाई, तो मुद्दाम करत नाही हो.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. पार्टिशनच्या दारात उभं राहून तू म्हणाली होतीस. त्यावर, “लाड करून ठेवलेत, दुसरं काही नाही,” असं मी म्हणाले होते.

येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतेय. पस्तीस वर्षं झाली. साळुंखे बाईंच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं लोक म्हणतात, आणि शेवटच्या वर्षी हा मुलगा वाट्याला आला. वर्ग हातातून जाईल अशी भीती वाटते. तू श्रीदेवीसाठी काय काय करायचीस, ते एका कागदावर लिहून पाठवशील का? तुझ्याकडं ती वही असेल. रोजचं लिहून ठेवायचीस.

श्रीदेवीचं जे झालं ते दुर्दैव. त्यात कुणाचं काय चुकलं, हे आता उगाळून काय होणार?

वाट पाहते.

विजयमाला साळुंखे


सोलापूर, ४ ऑगस्ट २०२४

रुद्राणी,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलंय हे मला माहीत आहे, पोचपावतीवर ‘चनमल्लप्पा’ अशी सही आहे. तुझे वडील असावेत.

तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मीच आठवून आठवून एकेक करून पाहिलं. तू श्रीदेवीला रोज अकरा वाजता पिण्याचं पाणी आणायला पाठवायचीस. मी अजिंक्यला जग दिला. त्यानं अर्धा जग पुढच्या बाकावरच्या मुलींच्या पायांवर ओतला. मोकळं वाटेल म्हणून दाराशी बसवलं, तर दिवसभर व्हरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला नावानिशी हाक मारत होता. शेवटी मी ओरडले. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडं बघत राहिला. उद्धटपणा नव्हता त्यात. मला तेच सहन झालं नाही.

परवा स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक सोमशेखर सर म्हणाले, “बाई, त्या मुलाला सांभाळा. श्रीदेवीसारखं पुन्हा नको.” सगळ्यांनी माना हलवल्या. शाळेत ती गोष्ट आता अशी सांगतात: रुद्राणी मॅडमनी एका मुलीला वर्गाबाहेर हिंडायची सवय लावली. मॅडम रजेवर असताना ती मुलगी फाटकातून बाहेर गेली, नवी पेठेत रिक्षाची धडक बसली, पाय मोडला. मग चौकशी झाली आणि मॅडमना काढलं. नव्या शिक्षिकांनाही हीच गोष्ट सांगितली जाते. फिरायला-बिरायला सोडू नका हं, म्हणून.

मी तिथंच होते. चहा पीत होते.

तुला माझा राग असेल तर मी समजू शकते. पण चौकशीत मला विचारलं तेवढंच मी सांगितलं होतं, एवढं तुला माहीत असावं.

विजयमाला साळुंखे


सोलापूर, १ सप्टेंबर २०२४

रुद्राणी,

तुझं पाकीट मिळालं. आत दोन पानं. वर माझं नाव नाही, खाली तुझी सही नाही. फक्त मथळा, ‘अजिंक्यसाठी’. आणखी काही असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

तू लिहिलंस तसं सगळं करतेय. पुढच्या बाकावर, दारापासून आणि खिडकीपासून लांब, माझा हात पोचेल इतक्या अंतरावर बसवलं. एका वेळी एकच गोष्ट सांगते. आधी नाव घेते, त्यानं माझ्याकडं बघितलं की मग बोलते. दहा गणितं एकदम देत नाही, तीन देते आणि दाखवायला उठून येऊ देते. ‘उठणं हेच त्याचं बक्षीस’ असं तू लिहिलंयस. खरं आहे. तिसरं गणित तर तो धावतच सोडवतो. आमच्या ह्यांनी पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, ती बाकाच्या पुढच्या दोन पायांना ताणून बांधली. दिवसभर पाय तिच्यावर ढकलत असतो, आवाज होत नाही. आता वर्गातली आणखी चार मुलं ट्यूब मागतायत.

‘मधली सुट्टी कधीही कापू नका’ याच्याखाली तू दोन रेघा मारल्यास. मागच्या दोन महिन्यांत मी ती अकरा वेळा कापली होती. हजेरीच्या मागं टिपून ठेवते ना, म्हणून आकडा माहीत आहे.

‘पहिले पंधरा दिवस काही होणार नाही, सोडू नका.’ नाहीच झालं. बाराव्या दिवशी मी तुझे कागद टेबलावर आपटले होते. एकोणिसाव्या दिवशी अजिंक्यनं परिच्छेद पुरा लिहिला, आठ ओळी. पाचवी ओळ तिरकी गेली होती. मी वही हातात घेऊन उभीच राहिले, तर तोच म्हणाला, “बाई, चुकलंय का?”

मला तू एक शब्द लिहिला नाहीस, आणि कधी न पाहिलेल्या पोरासाठी दोन पानं लिहिलीस.

त्यात दुसऱ्या पानावर एक ओळ आहे. ‘तुम्ही रजेवर जाणार असाल तर बदली शिक्षकांना हे सगळं लेखी द्या, आणि त्यांनी वाचलं का ते विचारा.’ तिच्याखाली तू रेघ मारलेली नाहीस.

रुद्राणी, तुझी चिठ्ठी मी वाचली होती. चौकशीत मी म्हणाले की मला काहीही सांगितलेलं नव्हतं. चिठ्ठी होती. दोनदा वाचली होती.

पुढचं आज लिहवत नाही.

विजयमाला


सोलापूर, २२ सप्टेंबर २०२४

रुद्राणी,

दोन रविवार कागद घेऊन बसले आणि उठले. आज हे पंढरीनाथ मामांकडं बाहेरगावी गेलेत, घरात कुणी नाही. सगळं लिहून मगच उठायचं असं ठरवलंय.

१६ फेब्रुवारी २०२३, गुरुवार. तुझ्या बहिणीचा साखरपुडा होता. आदल्या दिवशी शाळा सुटताना तू ती चिठ्ठी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “एकच दिवस बाई, अकराला तेवढं तिला पाणी आणायला पाठवा. तेवढं मिळालं की ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत तग धरते.” मी “बघू” म्हणाले. मला राग आला होता, खरं सांगते. तीस-बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला मानधनावर आलेली, सत्तावीस वर्षांची मुलगी चिठ्ठी लिहून देते, कुठलं पोर कसं सांभाळायचं म्हणून. त्याहून खोल एक राग होता. पार्टिशनच्या पलीकडून हसायचा आवाज यायचा. माझ्या वर्गातून कधी आला नाही.

त्या दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला येणार होते. दोन्ही वर्ग एकत्र, सत्त्याऐंशी मुलं. मी सगळ्यांना सांगितलं, हाताची घडी, तोंडावर बोट. श्रीदेवी दहा मिनिटांत तीनदा उठली. दोनदा मी बसवलं. बरोबर अकरा वाजता ती उठली, कोपऱ्यातला जग उचलला आणि दाराकडं निघाली.

“बस खाली,” मी म्हणाले.

“बाई, माझी अकराची वेळ झाली.”

ती अगदी सरळ म्हणाली, जशी माझीही तास बदलायची वेळ होते तशी. मुलं हसली. ती तिला हसली होती की मला, कोण जाणे. मला ते माझ्यावरच वाटलं. मी तिच्या हातातून जग हिसकावला. फळ्यापाशी, सगळ्या वर्गाकडं तोंड करून, तिला जमिनीवर बसवलं. हाताची घडी, तोंडावर बोट. ती बसली. तिचा चेहरा लाल झाला होता, बोटं कोपरांत रुतली होती, आणि ती बसली. मी घड्याळ बघत होते. बारा मिनिटं. ते बारा मिनिटं बसणं त्या पोरीला काय पडलं असेल, हे मला आता अजिंक्यकडं बघून कळतंय. तेव्हा मला वाटलं, बघा, बसता येतं की हिला. म्हणजे इतके दिवस नाटकच होतं.

तेराव्या मिनिटाला ती डुलायला लागली, आणि मग उठून उभीच राहिली. तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. मला वाटलं केंद्रप्रमुख आले. मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, “तुझ्यासारखीला वर्गात जागा नाही. जा. आईकडं जा तुझ्या.”

तिची आई राजेश्वरी नवी पेठेतल्या खानावळीत भाकऱ्या करते. कुंभारीहून सकाळच्या बसनं येताना पोरीला शाळेत सोडायची, संध्याकाळी घेऊन जायची. श्रीदेवीला तो रस्ता पाठ होता.

तुझ्या चिठ्ठीत एक ओळ होती, ‘तिला बोललेलं शब्दशः खरं वाटतं, म्हणून रागात काही बोलू नका.’ ती ओळही मी वाचली होती.

ती गेली. दप्तर न घेता गेली. मला वाटलं व्हरांड्यात उभी असेल. ईरप्पानं फाटकात अडवलं नाही, कारण तू तिला निरोप घेऊन ऑफिसात, फाटकात पाठवायचीस, त्याला सवय होती. गाडी केंद्रप्रमुखांची नव्हती, पाण्याचा टँकर होता. अर्ध्या तासानं ऑफिसातून निरोप आला की नवी पेठेत आपल्या शाळेच्या गणवेशातली एक मुलगी रिक्षाखाली आलीय.

तिला दवाखान्यात नेईपर्यंत मी काय केलं ते ऐक. मी टेबलाच्या खणातून तुझी चिठ्ठी काढली आणि फाडली. तुकडे व्हरांड्यातल्या डब्यात टाकले नाहीत, पर्समध्ये घातले आणि घरी आणले. म्हणजे मी काय करतेय हे मला पूर्ण कळत होतं.

चौकशीत मी म्हणाले, ती सवयीप्रमाणे उठून निघून गेली. तिला अडवायचं नाही अशी रुद्राणी मॅडमची पद्धत होती. मला कोणतीही सूचना नव्हती. तीन वाक्यं. तू माझ्यासमोर बसली होतीस. “बाई, मी चिठ्ठी दिली होती,” एवढंच म्हणालीस, आणि माझ्याकडं बघितलंस. मी खिडकीतून बाहेर बघत होते. सत्त्याऐंशी मुलांनी ऐकलं होतं मी काय म्हणाले ते, पण मुलांना कुणी विचारलंच नाही. साळुंखे बाईंचा शब्द पुरेसा होता.

तुझ्या अनुभवाच्या दाखल्यावर निष्काळजीपणाचा शेरा आला. त्यामुळं तुला पुढं कुठं शाळा मिळाली नाही, हेही मला माहीत होतं. पहिल्या पत्रात मी ‘घरचं काम, घरची माणसं’ असं लिहिलं. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

विजयमाला


सोलापूर, १० नोव्हेंबर २०२४

रुद्राणी,

दिवाळीच्या सुट्टीत कुंभारीला गेले. घर विचारत विचारत गेले. राजेश्वरी दारातच चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. रविवारी ती घरूनच करून पाठवते. तिनं मला ओळखलं नाही.

“कुटल्या बाई?”

“साळुंखे बाई. चौथी अ.”

ती थांबली नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “त्या दिवशी वर्ग तुमच्याकडं हुता.”

मी उभ्यानंच सांगितलं. तुला लिहिलं तेच सगळं, त्याच क्रमानं. चिठ्ठीचं सांगितलं, जगाचं सांगितलं, ‘आईकडं जा’ म्हणाले तेही सांगितलं. ती ऐकताना तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही.

“म्हंजे ती पळाली न्हाय,” ती म्हणाली.

“नाही.”

“तुमी पाटवली.”

“हो.”

तिनं पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. “दोन वर्सं झाली बाई, मी तिला बोलते की हो. का पळालीस, का पळालीस म्हणून. पायात सळई घातली तवा दवाखान्यात एकदा मारलंबी. ती म्हणायची, आई, बाईनं जा म्हटलं, म्हणून मी आले. मी म्हटलं, खोटं बोलती. शाळेतल्या बाई कशाला असं म्हणतील? आमच्या सासूनं बी तेच म्हटलं. सगळ्यांनी तेच म्हटलं. मग तिनं सांगायचंच सोडलं.”

रुद्राणी, मला वाटत होतं की मी एका मुलीचा पाय मोडला आणि एका शिक्षिकेची नोकरी घालवली. हे तिसरं मला माहीत नव्हतं. त्या पोरीला सगळ्या घरानं दोन वर्षं खोटारडी ठरवलं, ते माझ्या तीन वाक्यांवर.

श्रीदेवी आत भिंतीला टेकून बसली होती. अकरा वर्षांची झालीय, उंच झालीय. मांडीवर वही, पाय पोटाशी. इतका वेळ आम्ही बोलत होतो, ती जागची हलली नव्हती. मी आधी तिला ओळखलंच नाही, कारण मला आठवणारी श्रीदेवी कधी स्थिर नव्हतीच.

“आता गप बसती की,” राजेश्वरी म्हणाली. “साळेत गप, घरात गप. मास्तर म्हणतात लई शिस्तीची पोरगी हाय. तुमाला पायजे हुतं तसंच झालं बगा.”

मी आत गेले, तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिनं वही मिटली आणि हाताची घडी घातली. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, “श्रीदेवी, त्या दिवशी तू खरं बोलत होतीस. मी तुला जा म्हणाले होते. मी खोटं बोलले. तुझी काहीच चूक नव्हती.” तिनं आईकडं बघितलं. मग मला विचारलं, “रुद्राणी बाई कुटं हायत?”

“अक्कलकोटला.”

“मला सांगून न्हाय गेल्या.”

“त्यांना जाऊ दिलं नाही तुला भेटायला. तेही माझ्यामुळंच.”

 थोड्या वेळानं आईला विचारलं, “आई, मी उठू का?”

स्वतःच्या घरात, रुद्राणी. रविवारी.

मी राजेश्वरीला म्हणाले की मी दर रविवारी येईन, शिकवेन, काय म्हणशील ते करेन. ती म्हणाली, “तुमी नका येऊ. खरं बोलला ते लई झालं. पण तुमाला बगून पोरगी दगड हुती. त्या बाईंना सांगा, जमलं तर. कानडीत बोलायच्या तिच्याशी. ‘इल्ली बा’, म्हंजे हिकडं ये, म्हटलं की पळत जायची.”

निरोप पोचवला. राजेश्वरीचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्यासाठी मी काही मागत नाही. तू जा असंही म्हणत नाही. मला कुणाला कुठं जा म्हणायचा हक्क राहिलेला नाही.

विजयमाला


सोलापूर, १९ जानेवारी २०२५

रुद्राणी,

सोबत माझ्या लेखी जबाबाची प्रत आहे. डिसेंबरच्या दोन तारखेला मी तो सोमशेखर सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं.

“बाई, सहा महिने राहिलेत. पेन्शनचे कागद जायचेत. ती मुलगी बरी आहे, ती मॅडम आपल्या घरी सुखात आहे. आता हे कुणाला पाहिजे?”

“ती मॅडम सुखात आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, सर?”

“मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?”

याचं उत्तर माझ्याकडं एकच होतं. “घाबरले म्हणून.” ते म्हणाले, हे मी फाईलला लावू शकत नाही, संस्थेकडं न्यावं लागेल. मी म्हणाले, न्या.

त्याच आठवड्यात शनिवारच्या सभेत मी तो जबाब सगळ्यांपुढं वाचून दाखवला. वाचताना आवाज स्थिर होता, पस्तीस वर्षं वाचायचीच सवय.  नंतर हात धुताना पाचवीच्या शिंदे बाई माझ्या शेजारी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, “आम्हाला वाटलंच होतं.” मग मला कळलं की गप्प बसणारी मी एकटी नव्हते. त्यानं माझं ओझं काही कमी झालं नाही.

सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गड्ड्याच्या सुट्ट्यांनंतर संस्थेनं बोलावलं. मला ताकीद मिळाली, शेवटच्या वर्षाच्या शेऱ्यात ते राहील. तुझ्या दाखल्यावरचा शेरा काढून नवा दाखला द्यायचं ठरलं. तो टपालानं येईल, आला नाही तर मला कळव, मी स्वतः ऑफिसात जाऊन बसेन. जूनपासून तू परत यावंस असंही ते तुला लिहिणार आहेत. तू काय करशील ते तुझं तू ठरव. माझं म्हणशील तर, मी त्या इमारतीत परत पाऊल ठेवलं नसतं.

अजिंक्यबद्दल सांगते. चांगले दिवस येतात, वाईटही येतात. मागच्या बुधवारी त्यानं दुसऱ्या मुलाला कंपासची टोच मारली, मी ओरडले, आणि पुन्हा त्यानं कान झाकले. मग मी त्याच्याजवळ जाऊन खाली बसले आणि म्हणाले, “मी ओरडायला नको होतं. तूही टोचायला नको होतं.” तो म्हणाला, “बाई, तुम्ही पण कधीकधी थांबू शकत नाही ना?” नाही, बाळा. थांबू शकत नाही.

आमच्या वर्गातून आता हसायचा आवाज येतो. पार्टिशनच्या पलीकडच्या नव्या बाईंनी परवा पट्टी आपटली.

विजयमाला


सोलापूर, २२ जून २०२५

रुद्राणी,

३१ मेला निवृत्त झाले. निरोप समारंभ नको, असं मीच सांगितलं होतं. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. अजिंक्य आईबरोबर घरी येऊन गेला. आमच्या ह्यांचा रेडिओ त्यानं उघडून ठेवला आणि तो परत जोडेपर्यंत पाऊण तास जागचा हलला नाही. त्याची आई आणि मी त्याच्याकडं बघत बसलो.

तू संस्थेला नकार कळवलास हे समजलं. नवा दाखला घेऊन तू तिकडच्या शाळांत अर्ज केलेस, आणि एका ठिकाणी तुला बोलावलं, हेही ईरप्पानं सांगितलं. देव तुझं भलं करो असं लिहिणार होते, पण ते माझ्या तोंडी शोभत नाही.

मी आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. काल संध्याकाळी राजेश्वरीचा फोन आला. मी नंबर दिला होता, पण ती कधी करेल असं वाटलं नव्हतं. आवाज रडका होता. 

“काय झालं? श्रीदेवी बरी आहे ना?”

“बाई, रुद्राणी बाई येतात की. मार्चपास्नं. दर रविवारी एसटीनं येतात.”

तू मला कळवलं नाहीस. बरोबरच केलंस. तिनं सांगितलं, पहिले तीन रविवार पोरगी भिंतीला टेकून बसून राहिली, आणि तू तिच्या शेजारी तशीच टेकून बसलीस. शिकवलं नाहीस, विचारलं नाहीस. तुमच्या दोघींच्या मध्ये एक शेंगांची पाटी होती आणि तुम्ही दोघी शेंगा फोडत होतात. चौथ्या रविवारी तू उठून बाहेर अंगणात गेलीस, आणि थोड्या वेळानं तीही आली. विचारल्याशिवाय.

“मग झालं काय?” मी म्हणाले. “आता रडतेस का?”

“काल लई सतावलं बगा, बाई. शाळंतनं आली ती दप्तर टाकून पत्र्यावर चडली. शेजारच्यांची पपई पाडली. माज्या पिठात हात घातला. बोलायला लागली ती थांबंना, एकाचं दोन, दोनाचं चार, जेवताना बी हुबीच. तिची आजी वरडली, तर तिलाच हसली. एक मिनिट बसली न्हाय, बाई. एक मिनिट बसली न्हाय की!” आणि ती मोठ्यानं रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली.

 “ओरडू नकोस तिला,” एवढंच म्हणाले. ती म्हणाली, “वरडू कशी? दोन वर्सांनी आली माजी पोरगी.”

फोन ठेवल्यावर हे विचारत होते, कुणाचा होता, काय झालं.  मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मला त्या अंगणात यायचा हक्क नाही, आणि मी येणार नाही. यापुढं तुला पत्रही लिहिणार नाही. तुला लिहिण्यासारखं जे होतं ते लिहून झालं. पण कालपासून मी एकच गोष्ट डोळ्यांपुढं आणत बसलेय, ती पोरगी पत्र्यावर कशी चढली असेल. आधी कुठला पाय टाकला असेल, चांगला की सळई घातलेला? राजेश्वरीला तेवढं विचारायचं राहून गेलं.

विजयमाला